सत्यवतीचा धुरी रंग

बाजाराच्या वळणावर सायकलवरून उतरलो, तो समोरून आमचं पातेलं येत होतं. एका बाईच्या डोक्यावर. आधी पातेलं दिसलं आणि मग बाई, हे मुद्दाम सांगतो, कारण त्या क्षणी बाईशी मला काही घेणंदेणं नव्हतं. पितळेचं, रुंद तोंडाचं, घासून लखलखीत केलेलं, आणि पोटावर कोरलेली ती ओळ: ईश्वर यांजकडून सौ. सत्यवतीस. भंडाऱ्यात आल्यावर पहिल्या पगारात मी ते घेतलं होतं आणि दुकानात उभं राहून ती ओळ कोरून घेतली होती. कोरणाऱ्यानं त्यातला 'ज' जरा तिरपा काढला म्हणून त्याच्याशी वादही घातला होता. तो तिरपा 'ज' आता एका अनोळखी बाईच्या कपाळावर डुलत माझ्याकडे येत होता.

"बाई, थांबा जराशा," मी म्हणालो. "हे भांडं कुठून आणलं?"

ती थांबली. बांधकामावरची असावी, पदराला सिमेंट लागलेलं होतं. "काहून जी?"

"आमचं हाये ते."

"मंग घरी इचारा ना. सत्यवतीबाईनंच देल्लं. धुरपता म्हणतेत मले, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी काम चालू हाये, तिथं असतो मी. चोरी नाई केली बाप्पा, सकाळी सकाळी काय बोलता!" आणि एका हातानं पातेलं सावरत ती निघूनही गेली. खरं म्हणजे मी चोरीचं नावही काढलं नव्हतं. पण माझा चेहरा तसा झाला असेल.

उलट पावली घरी जावं असं वाटलं. गेलो नाही. नोकरदाराचे पाय मनाला न विचारता कचेरीकडे वळतात. टेबलाशी बसलो, फाइल उघडली, आणि पितळेच्या दुकानांकडून येणारी ठोकाठोक ऐकत राहिलो. भंडाऱ्यात हा आवाज दिवसभर चालूच असतो, इथल्या माणसांना तो ऐकूही येत नाही. मला त्या दिवशी प्रत्येक ठोका ऐकू आला. मी मूळचा टाइमकीपर. चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीवर फाटकाशी बसून माणसं आत किती गेली नि वर किती आली, याची हजेरी मी वर्षानुवर्षं लावली आहे. खाली गेलेला माणूस वर येईस्तोवर हजेरी मिटत नाही, आणि मिटेस्तोवर मला चहा गोड लागत नाही. तो स्वभाव अजून गेलेला नाही. सत्यवतीनं माझं नाव कोरलेलं भांडं कुणाला तरी देऊन टाकलं आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही. का? भांडण झालेलं नव्हतं. सकाळीच तिनं मला पोहे वाढले होते, वर कोथिंबीरसुद्धा होती.

ते पातेलं स्वयंपाकाचं नव्हतं. ते पिसांसाठी होतं, आणि पिसांचं प्रकरण सुरू झालं ते यादोरावजींपासून. चिखल्याच्या वसाहतीत ते आमच्या शेजारी राहत. खाणीच्या मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, बायको आधीच गेलेली, आणि साऱ्या गावाला ठाऊक असलेला एकच नाद: बावनथडीच्या डोहावर जाऊन मासे धरायचे, तेही किडा किंवा कणकेचा गोळा न लावता. कोंबड्याच्या मानेचं पीस ते गळाच्या दांडीभोवती असं गुंडाळत, की पाण्यावर टाकलं तर माशी बसल्यासारखं दिसावं. तरुणपणी एका गोऱ्या मॅनेजरनं त्यांना हे शिकवलं होतं. मॅनेजर गेला, नाद राहिला. ओसरीवर लाकडी चिमट्यात गळ अडकवून, कोशाचा, म्हणजे टसर रेशमाचा, बारीक धागा मेणावरून ओढून ते तासन् तास अशा पिसांच्या माश्या बांधत बसत. नदीवरचे ढिवर, म्हणजे तिकडचे कोळी, म्हणत, "आमाले जाळं ओढून मासा नाई भेटत, अन् हा बुढा पिसं दाखवून मासे फसवून राहिला!" यादोरावजी कुणालाच उत्तर देत नसत. मुळात बोलणं कमीच.

त्यांना अडचण होती ती रंगाची. पांढरं पीस चालत नाही, भडक तर मुळीच नाही. ते हळद लावून पाहत, शाई लावून पाहत, आणि डोहावरून रिकाम्या हातानं परत येत. एके दिवशी सत्यवतीनं दारातून ते पाहिलं आणि पिसांची एक जुडी उचलून आणली. का आणली, हे मी तिला पुष्कळदा विचारलं आहे. "वाया जाऊन राहिली होती," एवढंच ती सांगते. लग्न होऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, आणि ही बाई आपल्या घरात काय घेऊन आली आहे हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊकच नव्हतं, असं मला आता खुशाल म्हणावंसं वाटतं. तिचं माहेर लाखनीकडचं. तिथे होळीला पळसाच्या फुलांचा रंग करतात, हिरडा कुटून ठेवतात. तेवढंच भांडवल. पण माझी आई, चंद्रभागाबाई, सोवळ्याची. "कोंबड्याचं पीस माह्या भांड्यात? बाप्पा बाप्पा!" तिनं अंगणाच्या कोपऱ्यात पडलेलं खाणीतलं काठ तुटलेलं लोखंडी घमेलं पायानं पुढे लोटलं. "त्याच्यात कर काय कराचं ते. चुलीजवळ आणलं त पाहून घे." सत्यवतीनं मान डोलावली आणि परसात तीन दगड मांडले. सासूशी वाद घालून वेळ घालवायचा नाही, हे शहाणपण तिच्याकडे पहिल्यापासून आहे. माझ्याकडे ते अजून आलेलं नाही.

मग ते सगळं मी फाटकावरून घरी आलो की पाहायचो. गोबरवाहीच्या बाजारातून पांढऱ्या कोंबड्यांची मानेची पिसं यायची. ती बुडाशी दोऱ्यानं बांधून रिठ्याच्या पाण्यात धुवायची, कारण पिसाला तेल असतं आणि तेलावर रंग चढत नाही. घमेल्यात पळसाची वाळलेली फुलं उकळायची, गाळायची, वर चिंचेचं पाणी, हिरड्याची चिमूट. मग जुड्या सोडायच्या. "पाणी हसलं पाह्यजे," ती म्हणायची, "खदखदलं नाई पाह्यजे." म्हणजे काठाकाठानं बारीक बुडबुडे यावेत, मधे नाही. खदखदलं तर पीस आखडतं, कुरळं होतं. ती घमेल्यावर वाकून बसलेली असायची, धुरानं डोळ्यांत पाणी, हातात एक काडी, आणि चेहऱ्यावर जे असायचं ते मी दुसऱ्या कुठल्याच वेळी तिच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. देवापुढेही नाही. मी बोललो तर ऐकू जायचं नाही. मला राग यायला हवा होता, पण मी आपला मुकाट पायरीवर बसायचो, आणि माझ्या लक्षात यायचं की मी श्वाससुद्धा हळू घेतो आहे.

पिवळा रंग येईल अशी सगळ्यांची खात्री. पळसाचा पिवळाच असतो. पण घमेल्यातून निघालं ते भलतंच. पिवळ्यावर धूर बसावा तसं. थोडं हिरवट, थोडं राखी, उन्हात धरलं की आत कुठेतरी पिवळं जिवंत. सत्यवतीला वाटलं, बिघडलं. ती जुडी फेकायलाच निघाली होती. यादोरावजींनी तिच्या हातातून एक पीस ओढून घेतलं, तोंडात धरून ओलं केलं आणि उन्हाकडे केलं. "कोरडा रंग माणसाले, ओला रंग माशाले," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, तेही त्या दिवशी बोलले नाहीत. काहीच न बोलता ते ओसरीवर गेले, चिमट्यात गळ अडकवला आणि बांधायला बसले. जेवायला उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी डोहावरून आले ते मासे मावत नव्हते म्हणून अंगातला सदरा काढून त्यात बांधून घेऊन आले. त्यांची पद्धत पुढे आम्हाला कळली. रंग साधला की ते बोलत नाहीत, कामाला लागतात. गावात त्या रंगाला धुरी रंग म्हणू लागले, आणि कधीकधी 'सत्यवतीचा रंग'ही. माझं नाव कशालाच दिलेलं नाही. आणि खरं सांगतो, मला त्याचा हेवा वाटला नाही, उलट छाती फुगायची. खाणीतली माणसं हजेरीला आली की म्हणत, "टाइमकीपर, वहिनीचं घमेलं चढलं का आज?" आणि मी ऐटीत सांगायचो, "चढलं."

पुढे आई गेली, मला भंडाऱ्याच्या कचेरीत नोकरी मिळाली, आणि आम्ही बिऱ्हाड हलवलं. ते घमेलं सोबत घ्यावं हे कुणाच्या मनातही आलं नाही. शेजारणीनं कोंबड्यांना पाणी ठेवायला ते उचललं, एवढं आठवतं. भंडाऱ्यात यायचं आणि पितळेचं भांडं घ्यायचं नाही, असं कसं होईल? या गावाची पितळच तर जगभर सांगतात. मी हौसेनं ते पातेलं घेतलं आणि म्हणालो, "आता तुटक्या घमेल्यात कराची गरज नाई. हे खास पिसांसाठी." सत्यवतीनं त्या कोरलेल्या ओळीवरून बोट फिरवलं. ती शाळेत थोडीच गेली आहे, पण वाचते. हळूहळू वाचली, शेवटपर्यंत वाचली, आणि तिचे डोळे भरून आले. ती रडकी बाई नाही.

आणि त्या पातेल्यातून पोपटी पिसं निघाली.

तीच फुलं, तोच हिरडा, तेच हसणारं पाणी. रंग मात्र पोपटी, लग्नातल्या खणासारखा. चिंचेनं पातेलं आतून आणखी झळकायचं आणि पिसं वाया जायची. तिनं फुलं कमी केली, जास्त केली, चिंच बदलली. मग एका रविवारी यादोरावजी भंडाऱ्यातल्या पुतणीकडे आले होते ते आमच्याकडे डोकावले. तिनं त्यातल्या त्यात बरी जुडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी पीस ओलं केलं, खिडकीशी जाऊन उन्हात धरलं, आणि परत येऊन अगदी प्रेमानं म्हणाले, "छान हायेत, बाई." जुडी खिशात घातली, चहा घेतला, गेले. ते गेल्यावर सत्यवती बराच वेळ कप विसळत राहिली. एकच कप.

मी तर्काचा माणूस. मी म्हणालो, पाण्याचा दोष. नळाचं पाणी वेगळं, खाणीकडच्या विहिरीचं वेगळं. आणि पुढच्या सुट्टीत चिखल्याला जाऊन विहिरीचं पाणी कॅनमध्ये भरून बसमधून घेऊन आलो. कंडक्टरनं विचारलं, "घासलेट हाये का?" म्हटलं, पाणी. "काहून, भंडाऱ्यात पाणी आटलं का?" सगळी बस हसली. मीही हसलो. मांडीवर तो कॅन धरून येताना मी इतका खूश होतो, की लग्नाच्या वरातीतही नव्हतो. सत्यवतीनं त्या पाण्यात रंग केला. पोपटी. ती काडी हातात धरून पातेल्याकडे पाहत राहिली, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पातेल्याकडे. "पाणी बी नाई," ती म्हणाली. त्यानंतर तिनं रंग केला नाही. पिसं पेटीत गेली. पातेलं घासून फळीवर ठेवलं, आणि ते इतकं चकचकीत राहायचं, की सकाळचं ऊन त्यावरून उडून भिंतीवर पडायचं. मी तिला म्हणायचो, कर ना एखाद दिवस. "पाहू," म्हणायची. घरात काही कमी नव्हतं. पण मी कचेरीतून आलो की पायरीवर बसायचो आणि पाहण्यासारखं काहीच नसायचं. ती स्वयंपाक करायची, शेजारणीशी बोलायची, हसायचीसुद्धा, आणि मला वाटायचं की हजेरीत एक माणूस खालीच राहिला आहे.

आणि आदल्याच दिवशी चिखल्याकडचा एक ट्रकवाला भेटला. म्हणाला, यादोरावजींनी गळांची पेटी सुतळीनं बांधून कपाटावर टाकली. "म्हणतेत, सत्यवतीचा रंग नाई त बांधाचं कायले. आता डोहाकडं जाऊनच नाई राहिले. बसून राहतेत नुसते." मी घरी येऊन हे सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला. मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "म्हातारा मोठा हट्टी." ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पातेलं धुरपताच्या डोक्यावर. कचेरीतल्या त्या खुर्चीत बसून मला एकच अर्थ लागत होता. तिनं ते कायमचं मिटवलं. पिसं, रंग, ओलं पीस उन्हात धरणं, सगळं. आणि मिटवताना माझं नावही घरातून काढून दिलं. नावाचं दुःख मी गिळलं असतं. पण ती जी घमेल्यावर वाकून बसायची, ती बाई आता कधीच दिसणार नाही, याची मला भीती वाटली. दुपारचा डबा मी तसाच परत नेला.

गल्लीत शिरलो तेव्हाच वास आला. पळस आणि चिंच. उकळत्या पळसाचा वास काही फार चांगला नसतो, ओल्या गोणपाटासारखा असतो. मी सायकल भिंतीला टेकवायची तीही विसरलो, ती मागे धाडकन पडली. मागच्या दारी तीन विटांवर एक घमेलं. जुनं, बुडाला काळं पडलेलं, कडेला तांबूस जंग. सत्यवती त्याच्यावर वाकलेली, डोळ्यांत पाणी, हातात काडी.

"सायकल पाडली का?" तिनं मान वर न करता विचारलं.

"पातेलं दिलं तू?"

"दिलं. तुमी आंघोळीले गेले तवा. धुरपताले. तिच्या घमेल्याच्या बदल्यात. तिचं सोताचं होतं, मुकादमाचं नाई. तिले वाटलं मी येडी झालो." ती हसली. "नवं लोखंड नोको होतं मले. वापरून वापरून जंग धरलेलं पाह्यजे होतं. आपल्या खाणीतल्या घमेल्यासारखं."

मी पायरीवर बसलो. आता कुठे माझ्या डोक्यात उजेड पडत होता. चिंचेच्या पाण्यात लोखंड उतरत होतं, तोच धूर होता. आईनं पायानं लोटलेल्या घमेल्यात तो होता, आणि माझ्या पितळेत नव्हता. "तुले कवा समजलं हे?"

"तुमी पाणी आणलं ना बसमधून, त्याच दिवशी. फुलं तेच, पाणी तेच, हात माहा तोच. मंग राह्यलं काय?"

"तवाच? एवढे महिने?" मला राग आला, रडूही येईल असं वाटलं. "मंग बोल्ली काहून नाई?"

तिनं काडीनं एक जुडी उचलली, निथळू दिली, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "त्याच्यावर तुमचं नाव होतं ना," ती म्हणाली.

माझ्या एका ओळीसाठी या बाईनं आपला रंग फळीवर ठेवून दिला होता, रोज घासून लखलखीत केला होता, आणि मी रोज सकाळी भिंतीवर पडलेलं ऊन पाहून मनात खूश होत होतो. एवढं मोठं काही मी तिच्यासाठी कधी केलेलं नाही, आणि माझ्या हातून होणारही नाही, हे मला तिथे पायरीवर बसून स्वच्छ कळलं. तिचा मला इतका अभिमान वाटला, की लाज वाटायचं राहूनच गेलं.

"मग आता कसं दिलं?"

"काल तुमी बुढ्याचं सांगतलं. मले वाटलं, आपलं नाव भांड्यावर लिवलं नाई तरी चालते, पण त्याची पेटी बांधलेली नाई चालत." ती पुन्हा घमेल्यावर वाकली. "अन् घरी राह्यलं असतं त तुमाले रोज दिसलं असतं, का हिनं बाजूले सारलं. धुरपताच्या घरी रोज चुलीवर चढंल. तुमचं नाव वाचतील लोकं. बोलू नोका आता, पाणी हसून राहिलं."

मी श्वास हळू घेत बसून राहिलो.

रविवारी आम्ही दोघं चिखल्याला गेलो. जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून तिनं मांडीवर धरली होती, आणि सगळ्या वाटेत एकदाही उघडून पाहिली नाही. यादोरावजी ओसरीवर बसले होते, हात मांडीवर ठेवून, समोर काही नाही. बरेच थकलेले दिसले. आम्ही आत येतो तोच सत्यवतीनं पुडकं त्यांच्यापुढे ठेवलं आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. बोटांनी पदराचं टोक पिळत होती. त्यांनी कागद सोडला, एक पीस ओढलं, तोंडात धरून ओलं केलं, आणि ओसरीच्या कडेला जाऊन उन्हात धरलं. फार वेळ धरलं. मग ते आत गेले. आत स्टूल सरकल्याचा आवाज आला, आणि कपाटावरून काहीतरी जड खाली उतरवल्याचा. सुतळीची गाठ त्यांना सुटली नसावी, विळीनं कापल्याचं ऐकू आलं. ते पेटी घेऊन बाहेर आले, मांडी घालून बसले, चिमट्यात गळ अडकवला.

माझ्यानं राहवेना. "यादोरावजी, कसा हाये रंग?"

त्यांनी मान वर केली नाही. "बाई, थो धागा दे इकडं," ते म्हणाले.

सत्यवतीनं पेटीतून कोशाचा धागा काढून मेणावरून ओढला आणि त्यांच्या हातात दिला. आम्ही शेवटच्या बसपर्यंत तिथे बसलो होतो. 'छान' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नाही.